अठ्ठ्याण्णव आणि शंभर

लोकांना वाटतं, चाक गोल असलं आणि भोकं जुळली की झालं. घाटकोपरला तीस वर्षं मी चाकांचं दुकान चालवलं. तेवढ्या काळात "अहो, बसतंय की, लावून टाका" हे मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी शेवटी मी उत्तरच देत नसे. नुसतं त्यांच्या पायांकडे बघायचो आणि विचारायचो, "ही चप्पल घेताना नुसता नंबर बघितला होता, की घालून चालून बघितलं होतं?"

आमचे वडील जालन्याकडून आले आणि गोवंडीला राहिले. देवनारला कचऱ्याच्या गाड्या खाली व्हायच्या, त्यांचे टायर बदलायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. काचा, खिळे, फाटके पत्रे, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. वडील चौथी शिकलेले. मी बीएस्सी झालो, फिजिक्स घेऊन. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला माणूस. नोकरी मनासारखी मिळाली नाही, तेव्हा वडिलांच्याच धंद्यात शिरलो, पण पाटी लावून. भिंतीवर तथागतांची तसबीर आणि तिच्याखाली माझी पदवी, काचेच्या फ्रेममध्ये. कुणी हसलं तर हसू दे. माझ्याकडे व्हर्नियर होता, म्हणजे मिलिमीटरच्याही खालचं मोजणारी पट्टी. आणि आमच्या लायनीत सगळे जे करतात ते मी करत नव्हतो. गॅरेजवाला कधी नाही म्हणत नाही. तो म्हणतो, "उद्या या." जमणारं काम असो, नसो. मी मात्र तोंडावर सांगायचो. होत असेल तर होईल, नसेल तर नाही. उद्या या नाही, बघू नाही. याचा मला फार अभिमान होता.

जुन्या गाड्या माझ्याकडे कशा यायला लागल्या ते मलाही सांगता येणार नाही. एक आली, तिच्या मालकाने दुसऱ्याला सांगितलं. पद्मिनी, जुन्या जीपा, एक-दोन परदेशी. या गाड्यांची मूळची लोखंडी चाकं गंजलेली, वाकलेली, आणि मालकांना हवी असायची नवी चमकणारी. तिथे माझं काम सुरू व्हायचं.

चाकाच्या मधोमध मोठं भोक असतं, ते गाडीच्या हबवर, म्हणजे आसाच्या टोकाच्या गोल उंचवट्यावर, बसतं. त्याच्याभोवती बोल्टांची भोकं. त्या भोकांमधून एक गोल काढला तर त्याचा व्यास किती, हे पहिलं बघायचं. पद्मिनीचा अठ्ठ्याण्णव मिलिमीटर. नंतरच्या बऱ्याच छोट्या गाड्यांचा शंभर. दोन्हीकडे बोल्ट चारच, त्यामुळे डोळ्यांना फरक दिसत नाही. शंभरचं चाक अठ्ठ्याण्णववर चढतं. बोल्टही जातात. पण बोल्टाचं तोंड निमुळतं असतं, ते भोकाच्या खळग्यात चहूबाजूंनी टेकलं पाहिजे. इथे ते एका अंगानेच टेकतं. पाना मारताना हाताला घट्ट लागतं, आणि ते घट्ट नसतं. गाडी चालायला लागली की रोज थोडं थोडं सुटत जातं.

मग चाक किती आत, किती बाहेर, हे बघायचं. जास्त बाहेर आलं तर खड्ड्यात मडगार्डला घासतं. जास्त आत गेलं तर स्टिअरिंग वळवताना आतून घासतं. हे तपासायला मी घरून कणकेचा गोळा घेऊन जायचो. मडगार्डच्या आतल्या कडेला कणीक चिकटवायची, मागे दोन जाडी माणसं बसवायची आणि गल्लीत एक फेरी मारायची. परत आल्यावर कणीक किती चेपली ते बघायचं. बायको म्हणायची, "पोळ्या मोजून करते मी, आणि तू गाडीला कणीक घालतोस." पण त्या कणकेने मला कधी फसवलं नाही.

माणसं एकेक नमुनेदार. अंधेरीहून मालिकांना गाड्या पुरवणारा एक जण यायचा. त्याला नवी चाकं फक्त डाव्या बाजूला हवी असायची, कारण कॅमेरा त्याच बाजूने लागणार. उजवीकडे काहीही लाव म्हणायचा. "आणि वळली तर?" मी विचारलं. "स्क्रिप्टमध्ये वळत नाही," तो म्हणाला. त्याला मी दुकानातून बाहेर काढलं होतं. तेव्हा आजूबाजूचे हसले आणि मला बरं वाटलं. लोकांसमोर एखाद्याला गप्प करण्याची चटक मला तेव्हापासूनच लागली असावी.

मुलुंडचे राऊळकाका माझ्याकडे सतरा-अठरा वर्षं येत होते. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत, स्वतः टेलिफोनच्या तारा ओढायचं काम करून रिटायर झालेले. क्रीम रंगाची पद्मिनी, स्वतः पुसायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मला नावाने हाक मारली नाही कधी.

"काय रे बीएस्सी, जरा ऐक. डावीकडून कट कट येतंय."

मी गाडीखाली जायचो. कधी काही असायचं, बहुतेक वेळा नसायचं.

"काही नाही काका."

"नाही कसं? मला ऐकू येतं."

मग बाजूच्या सीटवरून राऊळकाकू बोलायच्या, "माझ्या बांगड्यो वाजतत त्यो. ह्यांका सगळा गाडयेचाच वाटता."

काकूंचे गुडघे गेलेले. रिक्षात चढता यायचं नाही, बसमध्ये तर नाहीच. पद्मिनीची पुढची सीट त्यांना बरोबर उंचीची. दर रविवारी कांदिवलीला बहिणीकडे जायच्या, त्याच सीटवर, मांडीवर डबा घेऊन. गाडी होती म्हणून त्या घराबाहेर पडत होत्या, हे मला माहीत होतं. काकांच्या गाडीचं सगळंच मला माहीत होतं.

काही वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते आले. त्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. सगळ्यांना दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा करायची असते, आणि गाडीला काहीतरी नवं हवं असतं. काकांबरोबर त्यांचा मुलगा निलेश होता. कॅनडात असतो. पाच वर्षांनी आला होता, तीन आठवड्यांसाठी. त्याने डिकी उघडली. आत चार चाकं, कागदात गुंडाळलेली, आरशासारखी चमकणारी.

"पपांसाठी घेतली. सरप्राइज," तो म्हणाला. "ही लावून द्या अंकल, उद्या पूजेला पाहिजेत."

काका त्याच्या मागे उभे. त्या चाकांकडे बघत होते आणि मधूनच माझ्याकडे. त्या बघण्याचा अर्थ मी त्या दिवशी लावला नाही.

मी व्हर्नियर लावला. शंभर.

"होणार नाही," मी म्हटलं. "ही दुसऱ्या गाडीची आहेत."

"अंकल, विकणारा म्हणाला फिट होतात. यालाही चार होल, त्यालाही चार होल."

"शर्टाच्या बटणालापण चार भोकं असतात," मी म्हटलं. "बटणं लावू का?"

दुकानातले सगळे हसले. दसऱ्याची गर्दी, माणसं बराच वेळ ताटकळलेली, त्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. निलेशचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला, "थोडं अॅडजस्ट होतं ना यार, दोन एमएमचा तर इशू आहे." मी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं. "ते वाच आधी. मग मला दोन मिलिमीटर शिकव."

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी काकांकडे वळलो.

"काका, तुम्हीपण? इतकी वर्षं गाडी चालवताय. पोराने आणलं म्हणून काय पण लावायचं का?"

पुन्हा लोक हसले. काकांनी कागद नीट केला, चाकं झाकली, डिकी लावली. "चल रे निलेश," म्हणाले. मला म्हणाले, "येतो." मी तोवर पुढच्या गाडीकडे गेलो होतो.

ते भांडुपला कुठल्या तरी गॅरेजात गेले. तिथल्या माणसाने तासाभरात चाकं बसवून दिली. जुनी लोखंडी चाकं त्याने ठेवून घेतली. दसऱ्याला पूजा झाली, फोटो निघाले, दहा दिवसांनी निलेश परत गेला.

दिवाळीनंतर एक दिवस मुलुंडचं एक गिऱ्हाईक आलं. टायर बघता बघता म्हणालं, "तुमच्याकडे ती क्रीम पद्मिनी यायची ना, म्हाताऱ्याची? पवईच्या उतारावर पुढचं चाक निघालं. गाडी डाव्या अंगावर बसली आणि फुटपाथवर आपटली. त्याला खरचटलं नुसतं. बाईचं खुब्याचं हाड गेलं."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं ते लिहायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "मी सांगितलं होतं."

आणि तेवढ्यावरच राहिलो नाही. पुढे महिना-दीड महिना जो कोणी चमकणारी चाकं घेऊन यायचा त्याला मी ही गोष्ट सांगत होतो. बटणाच्या विनोदासकट. अमुक एक म्हातारा होता, त्याने ऐकलं नाही, बघा काय झालं. लोक माना डोलवायचे. माझं म्हणणं पटायचं त्यांना. आजारी माणसाला बघायला जायला मात्र मला वेळ मिळत नव्हता.

एकदा बायकोने दुकानात बसून ती गोष्ट ऐकली. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "त्या काकू म्हणजे बांगड्यांच्याच ना? उकडीचे मोदक पाठवायच्या त्या?"

"हो."

"आणि तू त्यांची गोष्ट करून सांगतोयस."

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेलो. पहिला मजला, दोन खोल्या. खाली आवारात गाडी उभी होती. पुढच्या डाव्या बाजूला चाक नाही, खाली विटा रचलेल्या. बाकीची तीन चमकत होती. मी तिकडे न बघता जिना चढलो.

काकूंचं ऑपरेशन झालं होतं, पण पाय धरत नव्हता. त्या खाटेवर, भिंतीला टेकून. मला बघून हसल्या.

"इलंस? बस. उभो कित्याक, मी काय मोजूक येवचंय नाय तुका."

काका चहा ठेवायला आत गेले. काकू हिंडत्याफिरत्या असताना त्यांनी कधी गॅस पेटवला नसेल. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी काहीतरी बोललो, आता कसं वाटतं वगैरे. काकूंनी ते ऐकलं नाही. आवाज खाली करून म्हणाल्या, "तुझा बरोबर होता. ह्यांका ठाऊक होता. तुझ्याकडे येवच्या आधीच ठाऊक होता."

मी आतल्या दाराकडे बघितलं.

"ही चाकां आपली नाय, म्हणान माका रातीच सांगल्यानी. पण झील पाच वर्सांनी इलो, बापाशीसाठी कायतरी घेवन इलो. त्येका नको कसा म्हणतले? म्हणून तुझ्याकडे हाडल्यानी. म्हणाले, बीएस्सी कायतरी मार्ग काढीत."

"काकू, मी तर सांगितलं की बसणार नाहीत."

"सांगलंस रे. चार लोकांत सांगलंस." त्या थांबल्या. "अरे मेल्या, पंधरा दिसांनी ये म्हणाक काय झाला होता तुका? दहाव्या दिसाक झील इमानात बसलो असतो. ती चाकां ह्या खाटेखाली ऱ्हवली असती."

मी म्हटलं, "मी धंद्यात खोटं बोलत नाही, काकू."

हे मी म्हटलं. त्या बाईला, त्या खाटेपाशी बसून.

आणि ते खोटं झालंही नसतं. हे काकूंना माहीत नव्हतं, मला होतं. अशा दोन मिलिमीटरसाठी खास बोल्ट मिळतात. त्यांचं निमुळतं तोंड सुटं असतं, ते आपोआप सरकून भोकात नीट बसतं. मुंबईत सहज मिळत नाहीत, मागवावे लागतात, यायला दोन-तीन आठवडे. एकदा एकासाठी मी मागवलेही होते. निलेशला एवढंच म्हणायचं होतं, "बोल्ट मागवतो, आले की लावतो." शब्दन् शब्द खरा होता. पण तो पोरगा मला म्हणाला "अॅडजस्ट होतं ना यार," आणि माझी पदवी आडवी आली.

मी निघायला उठलो तेव्हा काकू आणखी एक बोलल्या. राग नव्हता त्यात, त्यामुळे ते जास्त लागलं. "चाक वाजी होता रे. दोन रविवार वाजी होता. हँडल थरथरी. मी म्हटलंय, बीएस्सीकडे दाखवया. तर म्हणाले, आता खंयच्या तोंडान जाव?"

सतरा-अठरा वर्षं बांगड्यांच्या आवाजासाठी येणारा माणूस, खरोखर आवाज यायला लागला तेव्हा आला नाही. त्याला माझ्या दुकानाचा रस्ता कोणी बंद केला, हे काकूंनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. काका चहा घेऊन आले. चहात साखर नव्हती. आम्ही दोघांनी तो प्यायला.

त्यानंतर मी अधूनमधून जात राहिलो. काका गाडीबद्दल बोलत नसत. काकू भिंतीला धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागल्या, पण जिना उतरणं संपलं ते संपलंच. कांदिवलीची बहीण एकदा येऊन गेली, मग तिलाही जमेना. आता दोघी फोनवर बोलतात.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचा फोन आला. "बीएस्सी, गाडी द्यायची ठरली. निलेश म्हणतो आता ठेवू नका. सोसायटीवालेपण मागे लागलेत. भंगारवाला उद्या सकाळी येतोय. तो म्हणतो चारी चाकं पाहिजेत, नाहीतर गाडी वर चढत नाही. एखादं चाक मिळेल का रे? कसलंही चालेल."

मी म्हटलं, "उद्या घेऊन येतो."

कसलंही आणायचं नव्हतं मला. भांडुपवाल्याकडे गेलो, त्याने काकांची जुनी चाकं कधीच विकली होती. मग कुर्ल्याला गेलो. तिथे जुन्या रिमांचे ढीग असतात, माणसाच्या उंचीचे. दुपारभर उपसत होतो. गंजलेली, चिरलेली, वाकलेली. संध्याकाळी एक मिळालं. गंज होता पण कड सरळ होती. व्हर्नियर लावला. अठ्ठ्याण्णव. दुकानदार म्हणाला, "किस गाडी के लिए इतना नाप रहे हो?" मी सांगितलं, भंगारात जाणारीसाठी. 

दुकानात आणून घासलं, टायर चढवला, हवा भरली, बॅलन्सही केलं. बॅलन्स कशासाठी, ते मला विचारू नका.

सकाळी मुलुंडला गेलो तेव्हा भंगारवाल्याची गाडी येऊन उभी होती. तिचा माणूस घाईत होता. मी जॅक लावून विटा काढल्या, चाक हबवर टेकवलं. ते आपणहून बसलं, खटकन. बरोबर चाक असलं की असाच आवाज येतो, हाताला कळतो.

"अहो, दोन बोल्ट लावा, पुरे," तो माणूस म्हणाला. "वीस फूट तर जायचंय."

मी चारही लावले. समोरासमोरचे, थोडे थोडे करत, शेवटी किती आवळलं ते दाखवणाऱ्या मापाच्या पान्याने. मग बाकीची तीन चमकणारी चाकं तपासली. एकाचे दोन बोल्ट बोटांनी फिरले. तेही आवळले, जेवढे आवळता येत होते तेवढे.

काका जिन्यापाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. जवळ आले, वाकून चाकाकडे बघितलं.

"बसलं नीट?"

"बसलं काका. मापाचंच आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, इतके दिवस न बोललेलं. मीही तयार होतो. दसऱ्याच्या दिवसाबद्दल माफी मागायची, हे मी वाटेत दहा वेळा मनात म्हणून बघितलं होतं. तेवढ्यात भंगारवाल्याने गाडी वर ओढायची तार जोडली आणि तो ओरडला, स्टिअरिंग सरळ धरायला कोणीतरी आत बसा.

"मी बसतो," काका म्हणाले.

वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत काकू गज धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या असतील कोण जाणे. काका ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं, आरसा थोडा हलवला. हँडब्रेक सोडायला हात नेला आणि थांबले. मग डावीकडे वाकले, रिकाम्या सीटवरून हात लांब करून पलीकडच्या दाराचा खटका खाली दाबला, आणि दार नीट लागलंय का ते एकदा ढकलून बघितलं.

"हं," ते म्हणाले. "ओढा."